जंत पायातून शिरतात

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या वहिनीवर. गावात एसटीडीचा पिवळा बूथ लागला त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बैलांच्या शिंगांचा हिंगूळ अजून ताजा असताना. ओसरीवर ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम बसला होता. शेजारी आबा, म्हणजे माझे वडील. भाऊ खांबाला टेकून उभा. वहिनी आत चुलीपुढं, सगळं ऐकू जाईल इतक्याच अंतरावर. आबा मुकादमाला म्हणाले, "औंदा पोराचा कोयता नवा धरा. हिला तिच्या बापाकडं घालवतो. दुसरी बघून ठिवलीय."

कोयता म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीवर चढवते. त्या दोघांना मिळून म्हणतात एक कोयता. एकट्या गड्याला मुकादम उभा करत नाही. बायको मोडली की कोयता मोडला, मग मूठ बदलावी तशी बायको बदलायची. ही बदली आमच्याकडं इतकी अंगवळणी पडली होती की मुकादमानं नुसती मान हलवली आणि चहा मागितला. चहा वहिनीनंच केला.

तिचा गुन्हा असा, की मागच्या हंगामात गाडीच्या फळीवरून मोळीसकट खाली आली. घागर उचलली की तिला धाप लागायची. नखं पांढरी, ओठ पांढरे, डोळ्यांखाली सूज. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे ती माती खायची. चुलीमागची भाजकी माती नखानं खरवडून पदराआड तोंडात टाकताना आईनं तिला धरलं, आणि दुपारपर्यंत ते गल्लीला कळलं. आडावर बायका विचारायच्या, काय गं, सासूचं घर पोखरून खातीस व्हय, आमच्या वाट्याला एखादी भिंत ठेव. वहिनी घागर भरायची आणि मान खाली घालून निघायची.

आईचा निकाल ठरलेला होता. माती खाते म्हणून पोटात जंत, जंत म्हणून अंगात रक्त नाही. वर गूळही चोरून खात असणार, कारण गोडानं जंत वाढतात हे सगळ्या दुनियेला ठाऊक. गुळाचा डबा कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला.

मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात होते आणि बायकांच्या एका संघटनेची पत्रकं घेऊन सुट्टीभर फिरत होते. घाटनांदूर, वडवणी, केजचा बाजार. पत्रक लिहायचं तर पहिल्याच ओळीत बोट दाखवायचं, कुणी, कुणावर, कधी, हे मी तिथं शिकले. त्या सकाळी ओसरीवर मी बोट दाखवलं. म्हणाले, आजारी माणसाला दवाखान्यात नेतात, माहेरी नेऊन टाकत नाहीत. दसऱ्यापर्यंत थांबा, मी हिला तपासून आणते.

आबा म्हणाले, "तुझ्या पत्रकानं मोळी उचलती का?"

"पत्रकानं न्हाई. औषधानं उचलंल."

मुकादम हसला. दसऱ्याआधी तसंही कुणाचं पक्कं करत नाही, म्हणाला. भाऊ काहीच म्हणाला नाही. तो तेव्हा काहीच म्हणायचा नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात शी तपासायची तर काडेपेटीतून न्यायची, ही तेव्हाची रीत. वहिनीनं ती काडेपेटी हातरुमालात गुंडाळली आणि केजच्या एसटीत मांडीवर धरून बसली. खड्ड्यात गाडी आपटली, रुमाल सुटला. पुढच्या बाकावरच्या फेटेवाल्या बाबांनी बिडी ओठात धरून मागं हात केला, बाई, जरा काडी द्या की. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. ती म्हणाली, "सादळलीय बाबा, पेटायची न्हाई." आणि मग केज येईपर्यंत पदर तोंडात कोंबून हसत राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या आणि तोंडानं फटकळ. वहिनीची खालची पापणी ओढून बघितली आणि मलाच विचारलं, आत्ता आणलंत होय? तपासणीचा कागद आला. हुकवर्म. आमच्या पत्रकात आम्ही त्याला आकड्याचा जंत म्हणत असू. मग त्यांनी वहिनीला विचारलं, अनवाणी फिरतेस का? उत्तर मीच दिलं. चपला आहेत तिला, मी स्वतः बाजारातून घेऊन दिल्यात, प्लास्टिकच्या.

"हायेत," वहिनी म्हणाली. "खुंटीला हायेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. वहिनीला पुढं बोलावंच लागलं. "पारावर मोठी माणसं बसत्यात. त्यांच्यापुढनं सुनंनं चपला घालून कसं जायचं?"

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्या गावात बायकांची परसाकडला बसायची जागा ओढ्याकाठी, वेड्या बाभळींच्या आड. तिकडची वाट पारापुढून जाते. पहाटे आणि दिवेलागणीला बायका निघतात, आणि नेमकी त्याच वेळी म्हातारी आणि कर्ती माणसं पारावर तंबाखू मळत बसतात. गावच्या लेकीनं चपला घालून जावं, तिला कुणी बोलत नाही. सुनेनं त्या काढून हातात घ्यायच्या. एका हातात टमरेल, दुसऱ्या हातानं पदर, मग चपला कुठं धरणार? म्हणून त्या खुंटीलाच राहतात.

आता जंताचं ऐका. किळस येत असेल तर येऊ द्या, पण ऐका. ज्याच्या पोटात हा जंत आहे त्याच्या शीतून अंडी पडतात. ओढ्याकाठची रेताड माती ओली असते, बाभळींची सावली असते, तिथं ती अंडी फुटतात. त्यातून निघालेली अळी डोळ्याला दिसत नाही. ती मातीत वाट बघत राहते. कुणाचं उघडं पाऊल पडलं की कातडीतून आत शिरते, बोटांच्या बेचक्यातून, टाचेच्या भेगेजवळून. खाज सुटते, बायका त्याला चिखल्या म्हणतात आणि हळद भरतात. अळी रक्तातून छातीत जाते, खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते, आणि आतड्यात पोचली की तिथं दात रोवून रक्त पिते. एक नव्हे, शेकड्यांनी. बाई पांढरी पडते, धापा टाकते. आणि रक्त आटलेल्या माणसाला मातीची तलफ येते. आईनं धरलं ती माती रोगाची खूण होती, आणि सगळ्या गल्लीनं तिला रोगाचं कारण ठरवलं होतं. दुसरे जंत आहेत, लांब गांडुळासारखे, ते घाणेरड्या हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून तोंडावाटे जातात. मातीतूनही जातात, त्यामुळं माती खाऊच नये. पण गुळातून कुठलाच जंत येत नाही. वहिनीचा जंत तिच्या तोंडानं काही खाल्लं म्हणून आलाच नव्हता. आम्ही तिच्या तोंडावर पहारा बसवला होता, आणि तो शिरत होता पायातून.

परतीच्या एसटीत माझं डोकं तापलं होतं. वहिनी आणि मी एकाच परातीत जेवतो, एकाच आडाचं पाणी पितो, सुट्टीत एकाच ओढ्याकाठी जातो. मी ठणठणीत, ती मरायला टेकलेली. फरक एवढाच की मी लेक आणि ती सून. माझ्या चपला पारापुढून फटफट वाजत जायच्या. आमच्या पत्रकात सगळ्यांत खाली बारीक अक्षरात एक ओळ असायची, अनवाणी फिरू नये. ती वाचली की बायका एकमेकींकडं बघून हसायच्या. त्या का हसत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. आणि तेव्हा पेपरात रोज येत होतं की देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. माझ्या वहिनीला पारापुढची वाट मोकळी नव्हती.

जंताची गोळी आणि रक्त वाढायच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. रक्ताच्या गोळीत लोह असतं म्हटल्यावर आई चरकली, पोरीला लोखंड चारतीस व्हय म्हणाली. मग मी चपलांचं काढलं. गोळीनं पोटातले जंत पडतील, पण उद्या पहाटे तेच पाऊल त्याच मातीत पडणार. वहिनी आता चपला घालून जाईल. पारापुढूनसुद्धा.

आबांचा आवाज चढला. माझ्या तोंडाला काळं फासायचंय का, म्हणाले. गावच्या सगळ्या सुना अनवाणीच जात आल्या, तुझी आई अशीच जाते, कोण मेली?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण आई मधेच बोलली, भाकरी थापता थापता, वर न बघता.

"म्याबी खाल्लीय माती. थोरल्याच्या येळी. तुमच्या आईनं माझ्या तोंडात मिरची कोंबली हुती. ती खोड मोडली, पर धाप काय मोडली न्हाई."

वहिनी दाराआड होती. तिनं गोळ्यांचा पुडा उगाच उघडला आणि मिटला.

दिवेलागणीला आईनं माझ्या चपला पायात सरकवल्या. तिला स्वतःच्या नव्हत्याच. वहिनीला म्हणाली, काढ त्या खुंटीवरच्या. आणि दोघी निघाल्या. मी अनवाणी, म्हणून दारातच उभी राहिले. तिथून पार दिसतो. आबा पारावरच होते. दोघी समोर आल्या तशी तंबाखू मळणारी बोटं थांबली. नात्यानं आबांना भाऊ लागणारे एक म्हातारे होते, ते बोलले, ऐकू यावं असं. काय वैनी, सुनंच्या नादानं सासूबी बिघडली म्हणायची?

आई थांबली. या पारापुढं ती कधी थांबली नव्हती.

"पायातून जंत शिरत्यात, भावजी. तुमी बसा निवांत, तुमच्या पायात जोडा हाय."

आणि दोघी गेल्या. कुणी एक टाळी वाजवली नाही, कुणी रडलं नाही. आबा त्या रात्री जेवले नाहीत. आडावर चार दिवस आमच्या घराचीच चर्चा चालली, आणि मग शेजारच्या दोन सुनांच्या पायातही चपला दिसल्या. त्यातल्या एकीला सासऱ्यानं मारलं, हेही लिहिते.

दसऱ्यापर्यंत वहिनीच्या ओठांवर रंग आला होता. घागर चढवून ती न थांबता घरापर्यंत यायची. गुळाच्या कपाटाची किल्ली आईनं तिच्याकडंच दिली होती. मुकादम आला, ओसरीवर बसला, आबांना विचारलं, नवी कुठली ती? भावानं तोंड उघडायच्या आत वहिनी बाहेर आली. ओसरीवर, मुकादमापुढं, सासऱ्यापुढं.

"जुनाच कोयता धरा," ती म्हणाली. "मोळी मीच उचलणार हाय."

मुकादमानं भावाकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "हिच्याबिगर म्या न्हाई." आबा काही बोलले नाहीत, आणि आमच्या घरात याचा अर्थ होकार होता.

संघटनेतल्या एकीनं मला नंतर विचारलं, ऊस तोडायला जायला मिळालं यात मिरवण्यासारखं काय? मी मिरवत नाही. तिला टाकायचं तिला न विचारता ठरलं होतं. तिनं ते तोंडावर मोडलं. बाकीची लढाई तशीच आहे. उसाच्या फडावर कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपटांच्या मागं तसलीच ओली माती आहे, तिथंही बायका अंधारात अनवाणी जातात, आणि एका बाईच्या पोटातले जंत पाडून शेजारणीच्या पोटातले राहिले की माती पुन्हा तशीच.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे, विनंती नव्हे. तुमच्या घरातली सून आज बाहेर निघेल तेव्हा तिच्या पायांकडं बघा. जंताची गोळी एकट्या तिला देऊ नका, डॉक्टरला विचारून घरातल्या सगळ्यांनी घ्या. घराला संडास बांधा. आणि तो बांधून होईपर्यंत, पहाटे आणि दिवेलागणीला, पारावरून उठा आणि घरी जा.