सोडलेला चेंडू

आमच्या मैदानावर क्रिकेट शिकवणारे सर षटकार मारला की घड्याळ बघतात. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू कुणी बॅट उचलून सोडला, तर मात्र टाळी वाजवतात. एकच.

"अहो सर, सिक्स कधी शिकवणार?" एका मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"ते तो मोबाईलवरच शिकून येतो की."

कॉलेजच्या वीस षटकांच्या स्पर्धेसाठी संघाची निवड होती, तीही सरच करणार होते. धायरीच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. संघात आलो असतो, तर घरच्यांना कळेल असं काहीतरी सांगता आलं असतं. माझा पहिला चेंडू बाहेर जात होता. मी सोडला.

"पाच दिवस खेळायचंय का रे?" मुलं हसली. सरांनी टाळी वाजवली.

संध्याकाळी त्यांनी नावं वाचली. माझं नव्हतं.

"सर, तुम्ही टाळी वाजवली होती."

"वाजवली. सुंदर सोडलास. पण वीस षटकांत सोडणाऱ्याला ठेवू कुठे?" मग स्टंप उपटता उपटता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला सोडता येतं. हल्ली कुणाला येत नाही."

चेंडू सोडता येतो म्हणाले की खेळ, हे मला अजून कळलेलं नाही.