आभाराचा घास

देवावर रुसू नये म्हणतात. मी मात्र रुसले होते, आणि चांगली रुसले होते. आंजी गावात मी अंगणवाडी सेविका आहे. दर शनिवारी मारुतीच्या देवळात आम्हा बायकांचं भजन असतं, त्यात पहिला सूर माझा असायचा. आवाज असा की अंगणवाडीच्या दारातून हाक मारली तर एसटीची वाट पाहत उभी असलेली माणसं वळून बघायची. लोक हसायचे, पण मला त्याचा तोराच होता. पोरांची गाणी, गोष्टी, दटावणी आणि शनिवारची देवाची सेवा, सगळं या एका गळ्यावर. गेल्या पावसाळ्यात तो बसायला लागला. काढे झाले, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठी बसल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, आणि मग आवाज पहिल्यासारखा येईलच याची खात्री नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले. मारुतीराया, मी तुला कधी सोनंनाणं मागितलं नाही, आणि तुझं नाव घ्यायचा गळा तेवढा तू काढून घ्यायला निघालास. बरं, बारक्या पोरांच्या अंगणवाडीत मुकी बाई काय कामाची? नवरा म्हणाला, चला, आता घरात शांतता राहील. मग माझा चेहरा बघून त्यानं जीभ चावली. रजा घे, असा सगळ्यांचा आग्रह होता. पण घरी बसून मला वेडच लागलं असतं, म्हणून मी कामावर गेले. शनिवारी देवळात मात्र पाऊल टाकलं नाही.

आमच्या अंगणवाडीत एक रीत आहे, ती मीच पाडली. खिचडी वाढून झाली की पहिला घास हातात धरायचा, डोळे मिटून जरा वेळ गप्प बसायचं आणि काय काय ऐकू येतं तिकडे ध्यान द्यायचं. मग एकेकानं सांगायचं, आज आभार कोणाचे. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय कोणी खायचं नाही. ही पोरं म्हणजे वीतभर. कोणी गाईचे आभार मानतं, कोणी हापशीचे, एकानं तर हरवून सापडलेल्या चपलेचे मानले होते. पण हे गप्प बसणं माझ्या आवाजाच्या धाकावर चालायचं. आता धाक कोणाचा राहणार? मदतनीस ताई बिचारी खिचडी सांभाळणार की पोरं?

ताईनं पोरांना सांगितलं, बाईचा गळा दुखून राह्यला, बाई बोलणार नाई. पहिला दिवस गोंधळातच गेला. पण आमच्याकडे खुशी नावाची एक मुलगी आहे. तिचे आईबाप कोलाम आदिवासी, मजुरीसाठी गावात आलेले. घरी त्यांची कोलामी बोली, त्यामुळे खुशीला मराठी तुकड्या-तुकड्यानं यायची. आम्ही काय म्हणतो ते ती आमच्या हातांवरून, चेहऱ्यावरून ओळखायची. माझी खूण सगळ्यात आधी तिलाच कळली. मी हात खाली केला की ती बाकीच्यांना म्हणायची, बाई म्हंते, बसा. हळूहळू सगळीच माझ्याकडे बघायला शिकली, कारण बघितल्याशिवाय बाईचं म्हणणं कळायचंच नाही. आणि वर्ग काय गप्प बसायला लागला म्हणून सांगू! डोळे मिटून झाले की पोरं सांगायची, ताईच्या बांगड्या वाजल्या, खिचडीच्या गंजावरचं झाकण हललं, कडुनिंबावर कबुतर बोललं. हे आवाज तिथं रोजच होते. माझ्या आवाजाखाली ते मलाही कधी ऐकू आले नव्हते.

आभाराची पाळी बाईलाही असते, पण त्या दिवसांत मी मानेनंच नको म्हणायचे. मला आभार मानावेत असं काही दिसतही नव्हतं. पुन्हा तपासणीला जायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी मन फारच काळवंडलं होतं. माझी पाळी आली, मी मान हलवली. तर एका पोरानं घास तसाच धरून ठेवला. म्हणाला, बाईनं नाई सांगितलं तर आमी खावाचं कसं? बघता बघता सगळ्यांचेच हात थांबले. खिचडी निवायला लागली. तेवढ्यात खुशी उठली, फ्रॉकला हात पुसला आणि तो माझ्या गळ्यावर ठेवला.

“बाईच्या गळ्याचे आभार,” ती म्हणाली. “त्यानं लय काम केलं. आता झोपला.”

आणि सगळी पोरं म्हणाली, बाईच्या गळ्याचे आभार. तेही अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये असं. मग खाऊ लागली. मी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत या गळ्याचे आभार मानायचं मला सुचलं नव्हतं. मी फक्त तो परत दे, परत दे म्हणत भांडत बसले होते. संध्याकाळी देवळात गेले. भजन नव्हतं, कोणी नव्हतं. मनातच म्हटलं, देवा, दिलास तेवढा भरपूर दिलास. आता ठेवायचा की न्यायचा, ते तू बघ. म्हटलं आणि छातीवरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गाठी बसत आल्यात, ऑपरेशन नको, उद्यापासून थोडं थोडं बोला. विश्रांतीनं झालं, असं ते म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण ती विश्रांती मला कोणी दिली, कोणाकडून देवविली, हे मला ठाऊक आहे. वरचा सूर आता लागत नाही. भजनात तो आता दुसरी बाई धरते, मी टाळ वाजवते, आणि मनाला काही वाटत नाही. पोरांच्या आया भेटतात, सांगतात, माह्या पोट्ट्यानं घरी आज्याचा घास थांबवला, म्हने आधी आभार सांग. माझी छाती अशी फुगते की काय सांगू! माझ्या भजनाचं कौतुक व्हायचं, तेव्हाही इतकी फुगली नसेल.

बोलायची मोकळीक मिळाली त्या पहिल्याच दिवशी अंगणवाडीत गेले होते. खिचडी वाढली, घास हातात धरले, माझी पाळी आली. आवाज निघेल की नाही या धास्तीनं मी सगळा जोर लावून म्हणाले, “आज तुमचे आभार, तुम्हा सगळ्यांचे.” फाटका, घोगरा आवाज निघाला. खुशीनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, बाई,” ती म्हणाली. “आमाले आयकू येते.”