आम्ही दोघी पुलावर असू

तुम्हाला कधी एखाद्या नदीचा हेवा वाटलाय? मैत्रिणीच्या नव्या सायकलचा वाटला असेल, तिच्या नव्या मैत्रिणीचाही वाटला असेल. मला त्या दिवशी तिन्हींचा वाटला आणि त्यात नदीचा सगळ्यात जास्त.

मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये राहते. शहराच्या नावात उल्हास नदी असली तरी आमच्या घरामागून वाहते ती वालधुनी. शाळेत जाताना मी आणि माझी मैत्रीण तिच्या पुलावर थांबून पैज लावायचो, आज निळी की काळी? वर कुठेतरी कारखान्यांत जीन्स रंगवून धुतल्या जायच्या, त्यावर उत्तर ठरायचं. हरणारीने दुसरीचं दप्तर उचलायचं. मी कायम काळीवर लावायचे. तिने माझं दप्तर पुष्कळ उचललंय.

पप्पा पत्रकं वाटणाऱ्यांतले. मला ‘कामगार बंधू-भगिनींनो’ आधी वाचता आलं, बालभारती नंतर. त्यांच्या काळ्या सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या पट्टीने कायम एक गठ्ठा बांधलेला असायचा. कॉलेजात असताना ती सायकल आमच्या ताब्यात आली. मी चालवायचे, मैत्रीण मागे बसून दुकानादुकानांत हात लांब करायची. तिच्याकडून कुणी कागद नाकारत नसे. मला लोक सरळ सांगायचे, “बाद में आना.”

मग ती बदलापूरला राहायला गेली. खिडकीतून उल्हास नदी दिसते, असं पहिल्याच फोनवर म्हणाली. गिअरची सायकल घेतली आणि सोसायटीतल्या दोघांबरोबर दर रविवारी नदीकाठाने लांब लांब जायला लागली. फोटो यायचे. धुकं, बगळा, टपरीवरचा चहा. मी प्रत्येक फोटोला अंगठा द्यायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

त्यानंतर मी जे केलं ते फक्त आमच्यासारख्या घरातलं माणूसच करू शकतं. मी वालधुनीसाठी पत्रक लिहिलं. रविवारी सकाळी सात वाजता पुलावर या, काठाने अंबरनाथपर्यंत सायकलने जाऊ, जे दिसेल ते लिहून काढू, असं साधं. शेवटची ओळ होती, ‘कुणी आलं नाही तरी आम्ही दोघी पुलावर असू.’ पत्रकं छापून आली. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं. आणि आमच्या घरी छापलेलं मागे घेत नाहीत.

म्हणून आदल्या रविवारी मी गठ्ठा कॅरियरला बांधला आणि ‘मीही येते’ असं कळवून तिच्या राईडला निघाले. कॅम्प तीनची शटरं बंद होती, दाल-पकवानच्या गाड्या तेवढ्या लागत होत्या. अंबरनाथ पश्चिमेला चढावर पहिल्यांदा धाप लागली. बदलापूरला पोचले तेव्हा ते तिघं तिथल्या पुलाजवळ तयार उभे होते. ती, तिच्या सोसायटीतले एक काका आणि एक उंच मुलगी. त्या मुलीचं हेल्मेट आणि माझ्या मैत्रिणीचं हेल्मेट एकाच रंगाचं होतं. पिस्ता. दोघींनी मिळून घेतलं असणार, हे मला विचारावं लागलं नाही.

काकांनी माझी सायकल एका बोटाने ढकलून पाहिली. “अरे बापरे! ही चालवता की ही तुम्हाला चालवते?”

“काका, हिला नावं ठेवू नका,” मैत्रीण म्हणाली. “अर्धं उल्हासनगर फिरलेय मी हिच्या कॅरियरवर.”

मला बरं वाटलं. लगेच तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्या उंच मुलीला दिलं आणि बरं वाटणं संपलं.

रस्ता मागे पडला, पायवाट लागली. एका बाजूला भेंडीचे वाफे, दुसऱ्या बाजूला झाडी आणि झाडीपलीकडे ती, उल्हास. रुंद, हिरवट, सावकाश जाणारी. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून गोधडी धुवत होती. दोन म्हशी नाकापर्यंत बुडल्या होत्या. मला त्या म्हशींचासुद्धा राग आला. यांना हे पाणी कुणी दिलं? आम्ही काय कमी मागितलं होतं?

चहा झाल्यावर वाटेला दोन फाटे फुटले. उंच मुलगी फोनमध्ये नकाशा उघडत होती. “नकाशा कशाला?” मी म्हणाले. “नदी धरून जायचंय ना? चला माझ्या मागे.” आणि मी डावीकडे घेतलं. पुढे असताना मला कुणाचीच पाठ दिसत नव्हती, हे फार छान होतं. मी घंटी वाजवत, उड्या खात बरीच दूर गेले. वाट एका वीटभट्टीपाशी संपली. विटा रचणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी हात थांबवला.

“काय गो पोरींनो, कुठं चालल्या?”

“नदीकडे, बाबा.”

“नदी तं मांगं रायली!”

तेव्हा मला माझी चूक कळली. मी वाट पाहतच नव्हते, वास शोधत होते. लहानपणापासून मला नदी नाकाने कळते. वास आला की पूल जवळ, वास गेला की आपण लांब आलो. इथे कुठेच वास नव्हता, म्हणून मला सगळीकडे सारखंच वाटलं. मैत्रिणीला हे माझ्याआधी कळलं असावं. ती हसत सुटली आणि त्या दोघांना म्हणाली, “हिची नदी नाकातून वाहते!”

काका हसले. ती मुलगी तर हँडलवर डोकं टेकून हसली. वासाचं हे बोलणं आमच्या दोघींतलं होतं. तिने ते वाटून टाकलं.

“हसा,” मी म्हणाले. “तुमच्या खिडकीत नदी आलीय ना, आता आमची थट्टाच होणार. पळून गेलेल्यांना सगळंच विनोदी वाटतं.”

काका त्या मुलीला घेऊन हळूच मागे वळले. आम्ही दोघीच राहिलो. मी गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढून तिच्या हातात दिलं. तिने सायकल आडवी ठेवली आणि भट्टीच्या सावलीत बसून वाचलं. शेवटच्या ओळीवर तिचा अंगठा थांबला.

“विचारलंस का मला?”

“आता विचारतेय.”

“छापून झाल्यावर?” तिने पत्रक मांडीवर ठेवलं. “ऐक. तिथे असताना मी दम्याचा पंप घेतल्याशिवाय झोपत नव्हते, आठवतं? इथे आल्यापासून तो कपाटात आहे. मला तो वास पुन्हा घ्यायचा नाही गं. पळाले म्हण हवं तर. म्हण ना.”

तिला श्वास हवा होता, तो तिला मिळाला, आणि मी तिच्या श्वासावर जळत होते.

“मग ‘दोघी’ खोडू?” मी विचारलं.

“पेनाने सगळ्या प्रती? वेडी आहेस का?” तिने पत्रकाची नीट घडी केली. “राहू दे. माझ्या जागी दुसरी कुणीतरी आण. आणि ऐक, पैज निळीवर लावायला सांग तिला. तू कायम काळी घेतेस.”

परतताना ती माझ्याबरोबर बदलापूरच्या वेशीपर्यंत आली. गिअर असूनही माझ्या वेगाने चालवत होती. मग तिचे सोबती दिसले आणि पिस्ता रंगाची दोन हेल्मेटं एकत्र झाली. मी मागे वळून तीनदा पाहिलं. अंबरनाथ सोडलं आणि ओळखीचा वास आला. घर जवळ आलं.

हेवा गेलेला नाही. फोन अजूनही पालथा ठेवते. पण या रविवारची पत्रकं पेपरवाल्याकडे गेली आहेत, उद्या पहाटे ती पेपरांच्या पोटातून घरोघर पडतील, आणि त्यातली शेवटची ओळ आजच्या घडीला खोटी आहे. आमच्या घरात खोटं छापलेलं कधी वाटलं गेलं नाही. म्हणून तुमच्याकडे मागते. उद्या सकाळी सात वाजता कॅम्प तीनच्या मागच्या पुलावर या. सायकल नसेल तर चालत या, माझं कॅरियर रिकामं आहे. नाकाला रुमाल बांधा, त्यात लाज नाही. निळी की काळी ते कठड्यावरून बघून सांगा, आणि ती ओळ खरी करा.