गार ठेवायचं इंजेक्शन

पिंपळगावच्या कोल्डस्टोरेजमध्ये परदेशी जाणाऱ्या द्राक्षांचं तापमान सांभाळणं हे माझं काम. नाशिकला वडिलांची अँजिओप्लास्टी ठरली, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन आणायला सांगितलं आणि ते गारच राहिलं पाहिजे असं बजावलं. मी ते बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत, रिक्षातून मांडीवर धरून आणलं. हॉस्पिटलात इंजेक्शन घेणाऱ्या माणसाने पेटी मला परत दिली आणि इंजेक्शन उन्हातल्या खिडकीत ठेवलं. मी बोललो तर म्हणाला, "काही होत नाही हो."

दुपारी तेच वडिलांना दिलं. चार दिवसांनी ते गेले. कशाने, ते विचारलं तर सगळे म्हणाले, नशीब.

द्राक्षं जरा कोमट निघाली की मात्र साहेब माझ्याकडून लेखी खुलासा घ्यायचे.