राहून गेलेला हायपो

माझ्या कृष्णधवल फोटोंच्या प्रदर्शनात एक चेहरा सकाळपासून भिंतीवरच काळा पडत चालला होता. मी पडलो प्रयोगशील! निगेटिव्हशिवाय थेट कागदावर फोटो काढला, आणि उजेडात चित्र टिकवणाऱ्या हायपोच्या द्रावणात तो कागद बुडवायलाच विसरलो. चेहरा शेजारच्या काकांचा. ते गेल्या महिन्यात वारले, आणि त्यांचा फोटो म्हणून होता तो एवढाच.

"काय काळोख पकडलाय!" एक जाणकार म्हणाले, आणि मी चक्क मान डोलावली. त्या मानेची मला अजून किळस येते.

तेवढ्यात काकू आल्या. चष्मा पुसून त्यांनी दोनदा पाहिलं. "अरे, ह्यात हे कुठायत?"

जाणकारांदेखत मी म्हणालो, "काकू, ही कला आहे."

"असेल बाबा. पण मी हार कुणाला घालू?"