पंप घेतलास का?

दम्याच्या माणसाने बॅडमिंटन खेळायचं ठरवलं की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमचा सकाळचा ग्रुप आहे, आणि कोणी नवीन आलं की माझेच किस्से आधी निघतात. मग मीच सांगते ना यार!

* * *

पहिला दिवस थंडीतला. मी तडक कोर्टवर उतरले. थोडी पळापळ झाली आणि छाती आवळली. खोकला थांबेना, तोंडातून शब्द फुटेना. समोर जोगळेकर साहेब, नुकतेच रिटायर झालेले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या सर्व्हिसला हसतेय!

"हसा, हसा! म्हातारपण तुम्हालाही येणार आहे!"

शेजारच्या ब्लॉकमधली फरिदा मूळची सोलापूरची. ती धावत आली. "साहेब, हसत नाहीये ती! श्वास लागलाय तिला!" तिने मला बसवलं, माझ्या पर्समधून दम्याचा पंप काढून हातात दिला आणि श्वास परत येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

* * *

मला वाटलं, संपला खेळ. डॉक्टर मात्र म्हणाले, "बिल्कुल खेळा. रोजचं औषध चुकवू नका, खेळायच्या आधी मी सांगतोय तसा पंप घ्या, आणि अंग हळूहळू गरम करा."

पुण्याला आईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "त्या डॉक्टरला स्वतःला दमा आहे का, ते विचारलंस?"

* * *

तेव्हापासून फरिदा रोज कोर्टच्या दारातच विचारते, "पंप घेतलास का?" आणि जोगळेकर साहेबांनी फर्मान काढलं, "वॉर्मअप सगळ्यांनी करायचा. ही एकटी का करेल?"

आम्ही सगळे गोल फिरायला लागलो. दुसऱ्याच फेरीत साहेब बाकावर!

"अहो, दमा कोणाला आहे?" फरिदाने विचारलं.

"दमा तिला आहे," साहेब धापा टाकत म्हणाले, "मी फक्त दमलोय!"

* * *

उग्र वासानेही मला खोकला येतो. साहेबांचा सेंट तर गेटपासून कळायचा. मी संकोचाने कधी बोलले नाही, पण एक दिवस त्यांनी आपणहून लावणं बंद केलं. जोगळेकर काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "लग्न झाल्यापासून मी सांगत होते गं! तू नुसती खोकलीस आणि काम झालं!"

* * *

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या टूर्नामेंटमध्ये मी चक्क सेमीफायनलला पोचले. समोर मानेसरच्या कारखान्यात इंजिनियर असलेली मृण्मयी, वयाने माझ्या निम्मी. शेवटच्या गेममध्ये छाती पुन्हा आवळली. पंप घ्यायला बॅगेकडे वळले, तर अंपायर खुर्चीवरून कडाडले, "खेल रुकेगा नहीं! थांबलात तर मॅच सोडली असं धरीन."

मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली. "सर, एक मिनिट! लेस सुटलीये."

फरिदाने पंप आणून दिला. मी घेतला, टेकून बसले. मृण्मयी बुटाशी खटपट करतच होती.

"मॅडम, और कितना टाइम?"

"गाठ बसलीये, सर!"

हळूहळू छाती मोकळी झाली. मी उठून उभी राहिले, मान हलवली. तशी तीही उठली. मॅच तीच जिंकली, आणि अगदी जोरात खेळून जिंकली.

हात मिळवायला मी नेटपाशी गेले आणि सहज खाली नजर गेली. तिच्या बुटांना लेस नव्हतीच. वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या होत्या!