परशरामची कुस्ती कोण लावणार?

"सर, आज परशरामला 'शूरवीर' म्हणून पुकारायचं. नुसतं पैलवान म्हणून भागायचं न्हाय," कमिटीचा किरण माझ्या कानाशी लागून म्हणाला. आखाड्यात लहान गटाच्या कुस्त्या चालू होत्या आणि माइक माझ्या हातात होता. मी मान हलवली. किरण स्टेजवरून उतरतोय तोवर एक माजी सैनिक वर आले.

"भैरू आप्पांचा निरोप हाय. त्या पोराला वीर म्हटलंसा तर आमी समदे उठून जातो. आनि आप्पा कुस्ती लावनार न्हाईत."

मी कुस्ती मैदानाचा निवेदक. आठवडाभर टिळकवाडीतल्या शाळेत शिकवतो आणि सीझनमध्ये रविवारी खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात माइक धरतो. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद सांगायचं, वर चार विशेषणं लावायची, त्याला आम्ही पुकारणं म्हणतो. विशेषणांचा माझा हात सढळ आहे. बोरगावला एकाला मी 'सीमाभागाचा ढाण्या वाघ' म्हणालो आणि हलगीने ठेका धरायच्या आत वाघ आडवा झाला. लोकांनी पैलवानाला सोडलं आणि माझी टर उडवली. तरी सवय गेली नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मोठी कुस्ती आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी मानाच्या माणसाने आखाड्यात उतरून दोन्ही पैलवानांचे हात हातात द्यावे लागतात. याला कुस्ती लावणं म्हणतात. बाकीच्या गावांत हा मान पुढाऱ्यांना मिळतो आणि फोटो काढण्यात अर्धा तास जातो. हे गाव वेगळं. इथे घराआड एक फौजी आहे. शेवटची कुस्ती इथे ज्याच्या घरचं माणूस सीमेवर कामी आलं त्यानेच लावायची असा रिवाज आहे. आता तो मान भैरू आप्पांचा होता. आप्पा स्वतः रिटायर्ड सुभेदार, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा बर्फातल्या चौकीवर गेला तो पेटीतून परत आला.

परशराम याच गावचा. राष्ट्रीय पदक आणलेला, सीमाभागातल्या दोन्ही राज्यांत नाव असलेला पैलवान. खेळाडू म्हणून त्याची सैन्यात थेट निवड झाली तेव्हा गावाने फटाके वाजवले होते. जॉइनिंगच्या दिवशी तो गेला, साहेबांना नाही म्हणून सांगितलं आणि संध्याकाळच्या बसने परत आला. मोबाइलवर गदारोळ उठला. शहरातले लोक त्याला हिरो म्हणाले, गावातले भेकड. त्याच्या वडिलांनी देवळाच्या कट्ट्यावर बसणं सोडलं. गावच्या मैदानात त्याला कुणी बोलावेना. तरुण पोरांनी हट्ट धरून यंदा बोलावलं होतं. आज आप्पा उठले नाहीत, तर पंचक्रोशीसमोर त्याला लंगोटावर आखाड्यातून परत जावं लागणार होतं. तसा गेला असता तर पुन्हा तो या मातीत आला नसता.

मी माइक जोडीदाराकडे दिला आणि मंडपामागे गेलो. परशराम जोर काढत होता.

"परशराम, तुला काय म्हणू रे?"

"नुसतं नाव घ्या, सर."

"भ्यालास का तू?"

त्याला राग आला नाही. हा प्रश्न त्याला हजारदा विचारून झाला असावा. "कुस्तीत ज्याला पाडतो त्याला मी हात धरून उठवतो, सर. बंदूक मारल्यावर कुनाला उठवायचं? माझ्यानं हुनार न्हाय ते."

"पण तुला बंदूक देणार कोण होतं? तुला तर मॅटवरच खेळायचं होतं."

"साहेब बी हेच म्हनालं. तेच पटलं न्हाय. अंगावर वर्दी घालून मी दूध-बदाम खायाचं, आनि आप्पांच्या पोरानं बर्फात उभं ऱ्हायचं? वर्दी घातली तर बंदूक उचलाय पायजे. उचलनार नसलो तर घालू नये."

खरं सांगतो, तोवर मला हा मुलगा मूर्ख वाटत होता. हातची नोकरी लाथाडणाऱ्याला आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? तिथे पहिल्यांदा ते मत डळमळलं.

तसाच आप्पांकडे गेलो. पहिल्या रांगेत, गुलाबी फेटा, छातीवर पदकं. परशराम जे बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"माझ्या पोराला मानसं मारायची हौस हुती व्हय, सर?"

"तसं नाही आप्पा—"

"त्येच्या बी मनात आलं असंलच की. तरी गेला. आनि एक ध्येनात ठेवा. नको म्हनलं म्हनून जागा मोकळी ऱ्हात न्हाय. तिथं दुसऱ्या कुनाचं तरी लेकरू उभं ऱ्हातंय. त्येला वीर म्हना. ह्येला का?"

दोघांचंही बरोबर वाटत होतं, आणि स्टेजवर चढून मला एकच काहीतरी बोलायचं होतं.

शेवटच्या कुस्तीची वेळ झाली. किरण खालून खुणा करत होता. मी माइक घेतला. "परशराम. गाव हेच," एवढंच म्हणालो. समोरचा पैलवान निपाणीचा, त्याचंही नुसतं नाव आणि गाव घेतलं. मग म्हणालो, "कुस्ती लावण्यासाठी सुभेदार भैरू आप्पांना विनंती."

हलगी थांबली. आप्पा जागचे हलले नाहीत. मागून कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्या कुणाला बोलवा म्हणून किरण हातवारे करू लागला, पण माझ्या तोंडून दुसरं नाव निघेना.

मग आप्पा उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि सावकाश आखाड्यात उतरले. निवेदकाने अशा वेळी माइक घेऊन शेजारी उभं राहायचं असतं, म्हणून मीही उतरलो. आप्पांनी निपाणीच्या पैलवानाचा हात धरला. परशरामचा धरला नाही.

"तुझी जागा कुनी भरली, ठावं हाय तुला?"

मी माइकवर तळहात दाबला. हे मैदानाला ऐकवण्यासारखं नव्हतं.

"व्हय आप्पा. वरच्या गल्लीतला नारायण, त्यो बी पैलवानच. माझ्या जागी त्येला घेतलं. खेळात पुढं जमलं न्हाय त्येचं, आता पलटनीत ड्युटीवर हाय. बर्फातच."

"मग?"

"त्येची आई एकटी असती. भात लावायला, कापायला मीच जातो. दवाखान्याला बी नेतो. त्येची जागा मला भराय येत न्हाय, आप्पा. हितली तेवढी भरतो."

आप्पांनी वाकून चिमूटभर लाल माती उचलली, परशरामच्या कपाळाला लावली आणि त्याचा हात निपाणीच्या पैलवानाच्या हातात दिला. हलगी कडाडली. लोकांना वाटलं, म्हातारा विरघळला. तसं नव्हतं. आप्पांचा चेहरा होता तसाच होता.

कुस्ती परशराम हरला. चांगली रंगली होती, पण निपाणीच्या पोराने घिस्सा डाव मारला आणि याची पाठ मातीला लागली. जिंकलेला पोरगा नाचला नाही, त्याने खाली हात दिला आणि परशरामला ओढून उभं केलं. दोघांनी एकमेकांच्या अंगावरची माती झाडली.

मी आप्पांच्या शेजारीच होतो. माझा माइक बंद होता.

"उठवलं बघा त्येला," आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "माझ्याला कुनी उठवलं न्हाय, सर."



परशरामचे वडील आता पुन्हा कट्ट्यावर बसतात. त्यांच्याशी सगळेच बोलतात असं नाही. किरण भेटला की अजून विचारतो, "सर, तुमचं मत सांगा की. परशराम वीर व्हय का न्हाय?" मी त्याला सांगतो, बाबा रे, निवेदकाचं काम नाव आणि गाव घ्यायचं. बाकीचं ज्याचं पोर जिवंत परत आलं नाही त्याला विचार, आणि विचारायची छाती नसेल तर विशेषणं कमी वापर. मीही हल्ली कमीच वापरतो.